नऊ इंचांची उशी

रत्नागिरी,
१२ मे १९८५

प्रिय मथुरा,

'सौ. मथुरा हिस अनेक आशीर्वाद' असा मायना मी आजवर घालत आलो, आज 'प्रिय' लिहिलंय. हसू नकोस. आणि हे पत्र सूनबाईकडून वाचून घेऊ नकोस, वेळ लागला तरी तूच वाच. सूनबाईला कळलं की आपल्या बाळाला कळणार, आणि बाळाच्या पोटात काही राहत नाही. डोंबिवलीच्या अख्ख्या बिल्डिंगला बापाची गंमत सांगत सुटेल.

शिमग्याची पालखी दारावरून गेली आणि दुसऱ्या दिवशी तू एसटीत बसलीस. पंधरा दिवसांत पायाच्या शिरा दाखवून परत येते म्हणालीस, त्याला आता दोन महिने होऊन गेले. डॉक्टर म्हणतात, अजून चार महिने औषध घ्यायचं, उभं राहायचं नाही, झोपताना पाय उंच ठेवायचे. आणि बाळा म्हणतो, आईला आता कायमची इकडेच राहू दे, तुम्हीही या. त्याला मी काय उत्तर पाठवलं ते तू वाचलं असशीलच. रागाच्या भरात लिहिलं होतं. तीस वर्षांचं दुकान सोडून मी कुणाच्या खुराड्यात येणार नाही, असं काहीसं. 'खुराडं' हा शब्द वापरायला नको होता. पोरानं कर्ज काढून घर घेतलंय.

इकडे माझं बरं चाललंय. भात जमतो, आमटी कधी जमते कधी नाही. मांजरी दोन दिवस तुला शोधत होती, मग केरूच्या सायकलच्या दुकानात राहायला गेली. लग्नसराईमुळे राम आळीत पाय ठेवायला जागा नाही आणि माझ्याकडे परकरांचा आणि पोलक्यांचा ढीग पडलाय. शिवून होतं गं, पण इस्त्री कोण करणार? पहिल्या आठवड्यात मी स्वतः कोळशाची इस्त्री घेऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटऱ्यांत अशा कळा आल्या की दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. तेव्हा प्रथम डोक्यात प्रकाश पडला. बावीस वर्षं मी मशीनवर बसून आणि तू टेबलाशी उभी. एकदाही माझ्या मनात आलं नाही की तुला एखादं उंच स्टूल करून द्यावं. सुताराला सांगायचं, एवढंच काम होतं. मला याची फार लाज वाटते, मथुरा.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून तू झोपलीस की दोन्ही पाय उचलून माझ्या पायांवर टाकायचीस. मी कुरकुर करायचो, म्हणायचो, काय हे ओझं. तू डोळे न उघडता म्हणायचीस, "दिवसभर मशीन हलवताव ना? आता जरा गप ठेवा पाय." आणि क्षणात घोरायला लागायचीस. हो, घोरतेस तू, आज लिहूनच टाकतो. तर दहा दिवसांपूर्वी बाळानं पाठवलेला डॉक्टरांचा कागद काढून बसलो. त्यावर लिहिलंय, पाय नऊ इंच उंच हवेत, उशी टाचेकडे चढती आणि गुडघ्याकडे उतरती हवी. मला काय वाटलं कोण जाणे, मी कटिंगच्या टेबलावर आडवा झालो, रोज तुझे पाय अंगावर घेताना ठेवायचो तसे पाय एकावर एक ठेवले आणि केरूला हाक मारून टेप धरायला लावली. तो दारातच थांबला. म्हणाला, "भाऊ, ह्या कसला माप घेताव? बरा हाय ना?" पण धरली बिचाऱ्यानं टेप. पावणेनऊ इंच भरले! मुंबईच्या डॉक्टरानं एवढी फी घेऊन जे माप लिहून दिलं, ते तू कुणाला न विचारता पंचवीस वर्षांपूर्वी शोधून काढलं होतंस. आणि मी त्याला ओझं म्हणत होतो.

मग कामाला लागलो. दुकानात मिळणारा कापूस दडपून बसतो, महिन्याभरात त्याची पोळी होते. म्हणून गेल्या रविवारी एसटीनं पावसला आपल्या आंबेवाल्या गंगुबाईकडे गेलो. तिच्या आंब्यांच्या मागे सावरीचं मोठं झाड आहे, बोंडं नुकतीच उकलली होती. आंब्याच्या दिवसांत तिला श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी माझ्याबरोबर बसून तिनं सगळ्या सरक्या काढून दिल्या. सारखं विचारत होती, "वैनीनं काय कळवलान? पाय काय म्हणतो?" मी म्हटलं, बरा आहे. मला तिच्याकडे बघवलं नाही. येताना पोतं छातीशी धरून बसलो होतो, तर कंडक्टर म्हणाला, आजोबा, ह्याचं वजन नाही तेवढं तुम्ही जपताय. मला आजोबा म्हणाला!

सावरीचा कापूस हट्टी असतो, जरा विरळ कापड मिळालं की बाहेर डोकावतो. म्हणून गादीचं घट्ट पट्टेरी कापड घेतलं आणि आतून मेण घासलं. पंखा बंद करून भरला, तरी तो सगळ्या दुकानभर झाला. नवरीमुलीची आई ब्लाऊज न्यायला आली ती शिंकत परत गेली. तीन वेळा भरली, तीन वेळा उसवली, तेव्हा कुठे टाचेकडचा चढ मनासारखा आला. स्वतः झोपूनही बघितलं. केरू उद्या बहिणीकडे कुर्ल्याला निघालाय, तो डोंबिवलीपर्यंत येऊन हातात देईल. हे पत्र खोळीच्या आत घातलंय, म्हणजे तुझ्याशिवाय कुणाच्या हाती लागायचं नाही.

तू म्हणशील, गेल्या महिन्यात एक उशी पाठवली होती, आता दुसरी कशाला? त्याचसाठी हे पत्र आहे. तुझं कार्ड आलं होतं, 'उशी फार छान झाली आहे, झोप चांगली लागते.' ते वाचून मी दिवसभर जेवलो नाही. कारण ती उशी छान नव्हती, मथुरा. ती मी मुद्दाम वाईट शिवली होती. डॉक्टरांचा कागद समोर होता, त्यावर नऊ लिहिलं होतं, आणि मी हातानं पाच इंचांची पट्टी कापली. आत दुकानातली कात्रणं कोंबली, गाठी राहू दिल्या. मनात म्हटलं, तिथे झोप लागली नाही तर तिला घर आठवेल, कंटाळेल आणि पुढच्या एसटीनं परत येईल. तुझे पाय बरे झाले तर तू तिकडचीच होशील अशी मला भीती बसली होती. पन्नाशी उलटलेल्या माणसानं असलं काही करावं? मग बाळाचं पत्र आलं. त्यानं लिहिलं, सूज पुन्हा गुडघ्यापर्यंत चढली आहे, मी बाजारातून फोमची चांगली उशी आणली, पण आई तिला हात लावत नाही. म्हणते, ह्यांनी शिवून पाठवली आहे, मी हिच्यावरच झोपणार. मथुरा, ती उशी आजच्या आज फेकून दे. माझ्या हातची आहे म्हणून ठेवू नकोस, माझ्या हातून तेवढं एकच काम खोटं झालंय आणि ते तुझ्याच बाबतीत झालं. या नव्या उशीत काही खोट नाही. चार महिने लागोत, वर्ष लागो, नीट बरी हो. डॉक्टर म्हणाले की आता रत्नागिरीची चढण नकोच, तर एक कार्ड टाक, मी मशीन खोलून एसटीच्या टपावर चढवतो आणि येतो. डोंबिवलीतही माणसांची पोलकी उसवत असतीलच. तोवर माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागव, महिनाभर रागव, पण पाय वर ठेवून रागव.

तुझाच,
आत्माराम