डिंकातली शामप्रभा

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. हेतू: कठोर आत्मपरीक्षण. स्वतःत दोष सापडेपर्यंत चालू ठेवणार.
पुण्याहून उसना आणलेला लेझर सूक्ष्मदर्शक आमच्या कोपरगावच्या महाविद्यालयात येऊन दोन महिने झाले. त्याखाली बाभळीच्या डिंकाचा पातळ थर ठेवायचा, निळ्या प्रकाशाचे अतिसूक्ष्म स्पंद सोडायचे आणि थर किती काळ झळकतो ते मोजायचे. थर अद्याप झळकलेला नाही. सतरा तारखेला समिती येत आहे. निष्पत्ती नसल्यास यंत्र टेम्पोत घालून परत नेतील.
निष्पत्ती असेल.

त्याच दिवशी, ११.००
यंत्रपूजा स्वहस्ते, समंत्रक. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. संशोधक विद्यार्थिनी देवश्रीचे म्हणणे, सर, दाराबाहेरूनच करू या, आत कणसुद्धा चालत नाही. यंत्राचा मान यंत्रापाशीच, असे मी बजावले. प्रयोगशाळा झाडणारी झुंबरबाई म्हणाली, नवरीला बी एवढी हळद लावत न्हाईत, सर. अज्ञान क्षम्य आहे. मी चपला बाहेर काढल्या होत्या.

३ ऑक्टोबर, दुपारी ३.२०
झळकला! नवा थर मी स्वतः ठेवला आणि झळकला! हिरवट-पिवळी प्रभा, पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाख-कोटीव्या अंशांत मावळते. तत्काळ नामकरण: शामप्रभा. (माझे पूर्ण नाव घेऊन शामकांतप्रभा उच्चारास जड.) देवश्री म्हणते, आधी तुलनेसाठी कोरा थर तपासू. शंका हा विद्यार्थ्याचा अलंकार. सोमवारी तपासू.

६ ऑक्टोबर, सोमवार
वेळ झाला नाही. पहिल्या स्लाइडचा फाँट निश्चित केला.
पत्नी नीलांबरीची तक्रार: पूजेच्या सदऱ्याची बाही दोनदा धुतली तरी पिवळीच, आता तो टाकून द्या. अशक्य! शोध त्याच सदऱ्यात लागला. समिती जाईपर्यंत तोच घालणार. तिने यास अंधश्रद्धा म्हटले. मी सातत्य म्हणतो.

११ ऑक्टोबर
विलक्षण निरीक्षण. मी थर ठेवला तर झळकतो. देवश्रीने ठेवला तर मुळीच नाही. पाच वेळा पडताळले. अनुमान: अनुभवी हात. तिला धीर दिला, वयाने येईल.
ती माझ्या हाताकडे नव्हे, बाहीकडे पाहत होती. हल्लीच्या पिढीचे लक्ष स्थिर नसते.

१५ ऑक्टोबर, दुपारी १२.४५
प्रसंग अप्रिय. देवश्रीने कोऱ्या थरावर झुंबरबाईच्या डब्यातल्या पुडीची कणभर हळद टाकली. झळकला. त्या झळकण्याचा आलेख माझ्या आलेखावर ठेवला. दोन रेघांची एकच रेघ झाली.
झुंबरबाई म्हणाली, म्या तवाच म्हनले हुते.
दोन दिवस उरले. मी यंत्रदोष, आर्द्रता आणि गोदावरीवरचा वारा अशी तीन कारणे सुचवली. देवश्रीने शांतपणे ऐकून घेतले. तिच्या मते हळदीचा कण डिंकात जिथे मऊपणा जास्त, तिथे लवकर विझतो. म्हणजे हा डिंकाच्या मऊपणाचा नकाशाच झाला. विषय बदलण्यास मी उदार अंतःकरणाने अनुमती दिली. ती मागितली गेली नव्हती, ही बाब गौण.

१७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०
समिती प्रसन्न. यंत्र आणखी वर्षभर इथेच! सादरीकरण देवश्रीने केले; चहाची व्यवस्था मी पाहिली. समितीप्रमुखांनी विचारले, हळदीची कल्पना कुठून आली? ती म्हणाली, सरांकडून. मी बाही दुमडून नम्रतेने मान लववली.
शोधनिबंधात माझा उल्लेख येणार, हे निश्चित. मसुद्याच्या शेवटी स्पष्ट लिहिले होते: हळद पुरवल्याबद्दल प्रा. शामकांत यांचे आभार.
मात्र झुंबरबाईने हरकत घेतली. पुडी माजी हुती, सर. देवश्रीने न्यायबुद्धीने तत्काळ दुरुस्ती केली. अंतिम मजकूर असा: हळद: झुंबरबाई. सदरा: प्रा. शामकांत.
तुलनेसाठी मूळ नमुना जपावा लागतो म्हणून देवश्रीने सदरा तिथेच प्रयोगशाळेच्या कपाटात जमा करून घेतला. पोच मिळाली.
बनियनवर घरी आलो. नीलांबरीने काही विचारले नाही. हसण्यातून सवड मिळाली नसावी.