तिरकं घर, तुंबलेलं सिंक

१९ मार्च, पाडवा. सकाळी ७.
कंपनीनं इथे आखातात, मुसफ्फाच्या यार्डात दिलेलं आमचं पत्र्याचं घर. ट्रेलरवरून आलं, क्रेननं ठेवलं. गुढीला ना गॅलरी ना कठडा. पण अडून बसेल तो वासुदेव कसला! छतावर एक पाईप आहे. उभा, रिकामा, कशालाच न जोडलेला. काठी त्यात रोवली. डुगडुगू नये म्हणून भोवती जुना पंचा ठासला. गुढी पार पलीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीपर्यंत दिसली असणार.

सायं. ७.
गुढी उतरवली. काठी निघेना. राहू दे. एक मेला महाराष्ट्र दिनाचा झेंडा लावता येईल. त्या दिवशी इथल्या मराठी मंडळात माझं भाषण आहेच.

२१ मार्च.
सिंकमधलं पाणी जात नाही. फ्लश केला की सिंक गुडगुडतं. सौ. वासंती म्हणाली, सहा वर्षं दुसऱ्यांच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाला जातेय. यंदा पहिल्यांदा माझ्या घरी चैत्रगौर, पुढच्या शनिवारी वीसजणी येणार. तोवर सिंक मोकळं करतो, असा शब्द दिला. माझा शब्द! ईदच्या सुट्टीत उरकतो.

२२ मार्च.
प्लंजर चाळीस वेळा मारला. सिंकमधलं पाणी बाथरूममध्ये वर आलं. म्हणजे हललं. प्रगती.

२३ मार्च.
ड्रेन क्लीनरची अख्खी बाटली ओतली. पाणी जागेवर, वास घरभर. मिहिका म्हणाली, "बाबा, इट स्मेल्स लाइक अ डेड कॅमल." इथेच वाढलेली पोर. मराठीत चिडतसुद्धा नाही.

२४ मार्च.
यार्डातला प्लंबर नागेश आला. कणकवलीचा, पन्नाशीचा. माझी भाषणं शेवटपर्यंत ऐकणारा मंडळातला एकमेव माणूस. म्हणाला, साहेब, एकदा छतावर बघूया काय? मी विचारलं, पाणी खाली जातं की वर? तो म्हणाला, पाणी खालीच, पण हवा... पुढे बोलू दिलं नाही. पस्तीस मिनिटं गुरुत्वाकर्षण, स्वावलंबन आणि समाजाचा आळस यांवर बोललो. "बरोबर साहेब, बरोबर साहेब" म्हणत चपला घालून गेला. पटलं असावं.

२६ मार्च.
पाण्याला उतार हवा. इतकं साधं तत्त्व, आणि आठवडा घालवला! यार्डातले दोन जॅक लावून घराची स्वयंपाकघराकडची बाजू चार बोटं उचलली. खाली विटा सरकवल्या.
पाणी तिथंच. बाथरूमचं दार मात्र आपोआप उघडतं. वासंती म्हणाली, डाळीचं पातेलं ओट्यावरून चालत गेलं. मिहिकाची पेन्सिल दुसऱ्या खोलीत सापडली. मोठ्या कामात थोडी गैरसोय होतेच.

२७ मार्च.
वासंती फोनवर अपर्णावहिनींशी हळू आवाजात बोलत होती. त्यांचा फ्लॅट दीड तासावर, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. हळदीकुंकू तिकडेच हलवायचं म्हणे. उद्या सकाळी अकरापर्यंत कळवते म्हणाली. मग गौरीचा झोपाळा पुन्हा खोक्यात भरला. भांडली असती तर उत्तरं तयार होती.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ११.
वासंतीनं मला न विचारता नागेशला बोलावलं. तो थेट शिडी लावून वर. काठी उपसली, पंचा ओढून काढला. खाली सिंकमधून भस्सकन आवाज, आणि सगळं पाणी गेलं. म्हणाला, "साहेब, ही हवेची वाट. हवा आत येत नाय तर पाणी जातला कसा?"
मी म्हणालो, उतारामुळे अर्धं काम आधीच झालं होतं. वासंती पंच्याकडे बघत म्हणाली, अहो, बायका यायच्या आत घर खाली घ्या.
तिनं झोपाळा खोक्यातून काढला.

सायं. ७.
वीस नाही, तेवीसजणी आल्या. स्वागतपर बारा मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. वासंती म्हणाली, पुरुषांनी बाहेर थांबायचं. थांबलो. नागेशला तिनं स्वतः बाहेर येऊन डाळीचा डबा आणि पन्हं दिलं. मला सगळ्या गेल्यावर आत घेतलं. म्हणाली, "यल्ला, चला! पाणी जातंय ना आता? घासा."
तेवीस वाट्या, तेवीस ग्लास, मोठं पातेलं. वासंती आत झोपाळ्याशी मिहिकाकडून फोटो काढून घेत होती, हसत होती. भाषण उरलंच होतं. नळ सोडून सुरुवात केली.
पाणी ऐकायला थांबलं नाही.