रेशनकार्डावरची लाल रेघ

आई, आज मी इतकी वैतागले आहे की ऐकून घ्यायला तूच हवी होतीस. जूनपासून माझी लेक तिच्या बाबांकडे राहते, इंदिरानगरला. तिथून शाळा जवळ पडते, आणि वर मला म्हणाली, "आई, तू सारखी चिडतेस गं." घटस्फोटाच्या वेळी तिच्यासाठी ठरलेली पोटगी मात्र अजून माझ्याच खात्यात येते, त्याच्या पगारातून परस्पर कापून. सातपूरला त्याच्या कंपनीत म्हणतात, आधी कोर्टाचा हुकूम बदलून आणा. मग मी काय करते, पैसे आले की त्याला परत पाठवते. आहे की नाही कमाल! पोर तिकडे जेवते, पैसे इकडे येतात आणि पुन्हा तिकडे जातात. आमचं दोघांचं यावर भांडणसुद्धा नाही, तरी अर्ज करा, तारखेला जा, जजसाहेब रजेवर, घ्या पुढची तारीख. डोकं उठलंय नुसतं. परवा त्याचा फोन आला. "वकिलांनी संमतीचा कागद पाठवलाय, तेवढी सही कर ना." मी म्हटलं, "मिळाला की करते. मला काय हौस आहे लटकवून ठेवायची?"

तुला आठवतं, माझ्या लग्नानंतर रेशनकार्डावरचं माझं नाव कमी करायला तू दोन खेपा घातल्या होत्यास? मी माहेरी येते तर तू स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली, कार्ड ओट्यावर, आणि माझ्या नावावर लाल रेघ. मी भडकलेच. "एवढी घाई झाली होती का गं मला काढायची?" तू वरही न बघता म्हणालीस, "जिथे जेवतेस तिथे नाव असू दे. इथे ठेवून तुझा काय उपयोग?" आणि चपला दारात नीट काढल्या नाहीत म्हणून ओरडलीस ते वेगळंच. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्या दिवशी कचेरीतून आल्यावर तू जेवली नव्हतीस, हे बाबांनी सांगितलं ते तू गेल्यानंतर. तेव्हाच बोलायचं की गं!

हे पत्र कुठे पाठवणार मी? राहू दे इथेच. वकिलांचा कागद मागच्याच महिन्यात आलाय. तीन ओळींचा. 'मुलगी आता माझ्याकडे राहत नाही' एवढं वाचलं आणि तांदळाच्या डब्याखाली सारून दिला. इतके दिवस कोर्टाच्या नावानं खडे फोडतेय, पण आता तारीख पुढे जातेय ती माझ्यामुळे, आई.