माझ्या लॉगिनमधून

१९ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. आता तिला पलंगावरून भिंतीवरचं घड्याळ दिसतं, त्यामुळे कोणी विचारो न विचारो, ती सगळ्यांना वेळ सांगत बसते. वहिनीला तिनं आशीर्वाद सांगितलाय.

एवढं लिहून थांबले होते. पण दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

मला या कामाला तू लावलंस, हे मी विसरलेली नाही. रुग्णालयात टायपिंग करणारी बाई सर्व्हर सांभाळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. काळ्या पडद्यावरची ती पांढरी अक्षरं बघून मला घाम फुटायचा. तू म्हणालास, "बारके, काही पुसण्याआधी आपण उभे कुठे आहोत ते बघायचं." मी वहीच्या पहिल्या पानावर, कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते मशिनला विचारणारं pwd लिहिलं आणि तेव्हापासून ते विचारल्याशिवाय एक फाइल पुसली नाही. पण कीबोर्ड काही तू कधी हातात दिला नाहीस. "तू नुसती बघ," म्हणायचास. शेवटी घरी एका जुन्या मशिनवर सर्व्हरवरचंच लिनक्स चढवलं आणि चुकतमाकत माझी मी शिकले. तपासण्यांच्या अहवालांची प्रत रोज आपोआप दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी स्क्रिप्ट मी लिहिली. तू ती अधीक्षकबाईंना दाखवलीस आणि "मी बसवली" म्हणालास. मी शेजारीच उभी होते.

मग तो मंगळवार. तुला सांगूनच मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. लॉगिन उघडं राहिलं, ती माझी चूक. सर्व्हरची डिस्क भरली, तू घाईघाईनं माझ्या खुर्चीत बसलास आणि तात्पुरत्या फाइली समजून नऊ वर्षांचे अहवाल पुसून टाकलेस. मी तो कमांडचा इतिहास नंतर वाचला. न विचारता सगळं पुसणारं rm -rf आहे, त्याच्या आधी pwd नाही. मला शिकवलेलं तू स्वतः केलं नाहीस. वेळ अकरा चाळीस. तेव्हा मी आईचा हात धरून तपासणीच्या खुर्चीशी उभी होते.

चौकशीत त्यांनी फक्त लॉगिन कोणाचं ते बघितलं. आणि तू म्हणालास, "ती अजून शिकतेय. माझंच लक्ष कमी पडलं." गुन्हा तुझा, गळ्यात माझ्या, आणि वर मोठेपणाही तुझाच. नंतर वहिनीकरवी निरोप आला की घरातलं घरात राहू दे. माझी बदली अहवालांच्या खिडकीवर झाली तेव्हा कुठे गेलं होतं घर?

त्या खिडकीवर मी दिवसभर एकच वाक्य बोलते: जुनी नोंद मिळत नाही. गेल्या गुरुवारी एक सुतार त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. डॉक्टरांना तिच्या हाडातल्या मज्जेचा जुना अहवाल हवा होता. त्यांच्याकडचा कागद घर बदलताना हरवलेला, आपल्याकडचा तू पुसलेला. म्हणून तिच्या कमरेच्या हाडात पुन्हा सुई घातली. बाहेर आल्यावर लंगडत ती माझ्यापाशी आली.

"मावशी, माझा कागद तुम्ही हरवलात?"

मी नाही म्हणाले.

दादा, ते खोटं होतं. इथवर लिहिताना मी ज्याला बगल देत आले ते आता लिहिते. त्या मंगळवारच्या आधी ती स्क्रिप्ट सहा आठवडे बंद होती. प्रती ठेवायची ती दुसरी डिस्क तू बदललीस, जुनी कोरी करून परत दिलीस, पण स्क्रिप्टमध्ये नवा पत्ता घातला नाहीस. रोज सकाळी लॉगमध्ये, स्क्रिप्टच्या रोजच्या नोंदीत, चूक दिसायची. मी रोज ती वाचायचे आणि बंद करायचे. एका ओळीची दुरुस्ती होती. बसवलीस ना तू, मग निस्तर, असं मनात म्हणायचे. एकदा चारचौघांत तुझी फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं. चौकशीत गप्प बसले ती तुला वाचवायला नव्हे. वेळ दाखवायची तर तोच इतिहास त्यांच्यापुढे ठेवावा लागला असता, आणि मी रोज लॉग उघडल्याचं त्यातच होतं.

आज सकाळी अधीक्षकबाईंना दोन पानं लिहून दिली. तुझं अकरा चाळीस, आईच्या तपासणीची चिठ्ठी आणि माझे सहा आठवडे. काही गाळलं नाही. त्यांनी विचारलं, "यात तुमचीही नोकरी जाईल, कळतंय ना?" मी हो म्हणाले. उद्या दहा वाजता त्या तुला बोलावणार आहेत. तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे वहिनीच्या हाती देतेय.

तुला वाटेल, सांगून टाकल्यावर मी निवळले असेन. नाही निवळले. ती मुलगी लंगडत गेली ते आठवलं की तुझा राग येतो, आणि लगोलग माझाही.

आईला अजून काही माहीत नाही. तिला वाटतं, आपण दोघं अजून एकाच खोलीत बसतो. उद्या तिथून निघालास की सरळ इकडे ये आणि तिला तुझ्या तोंडानं सांग. माझा भाग मी सांगेन.

तुझ्यावर चिडलेली आणि तुझ्याइतकीच गुन्हेगार,
तुझी बहीण