तीन बोटं माया

अप्पा, सोमवार, ३ जून १९९६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. तीस वर्षे ऑफिसात दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप केल्या, त्यामुळे आधी वेळ लिहायची सवय लागली आहे. त्या वेळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वरच्या मजल्यावरच्या बाईच्या मुलीचा युनिफॉर्म उसवत होते. सुट्टीत मुलगी उंच झाली, स्कर्ट गुडघ्याच्या वर गेला आणि शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होणार. मी तोऱ्यात म्हटले होते, "आण इकडे. आमच्या दुकानचा आहे, आत तीन बोटं माया असणारच." ब्लेडने टीप कापली, दुमड उलगडली. आत काही नाही. पाव इंच कापड आणि ओव्हरलॉकचा दोरा. ती बाई एका होस्टेलात स्वयंपाक करते. मागच्या वर्षी मीच तिला सांगितले होते की झगझगीत दुकानांत जाऊ नकोस, चामराजपेटला आमच्याकडे जा, एक घेतलास की तीन वर्षं बघायला नको. ती "सरी अक्का, बिडी, राहू दे" एवढेच म्हणाली आणि स्कर्टची घडी करून घेऊन गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टर आत राखलेल्या त्या जादा कापडाला अलाउन्स म्हणायच्या. घरी येऊन मी तुम्हाला तो शब्द शिकवायला गेले, तर तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणालात, "अलाउन्स साहेब देतो. माया आपण ठेवतो." मला अजून दिसते: जून महिना आहे, दुकानाच्या पायरीवर आया मुलींना घेऊन उभ्या आहेत, आणि तुम्ही कानावर खडू खोचून माप घेता आहात. एक बाई म्हणते, "मास्तर, दोन शिवा." तुम्ही म्हणता, "एक साकु, एकच पुरे. ही वाढेल तसा तोही वाढेल." आई आतून ओरडते, "आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा शिंपी बेंगळुरात एकच!" पण पुढच्या जूनमध्ये तीच बाई पायरीवर असायची, उसवून वाढवून घ्यायला, आणि सोबत बहिणीला आणायची. तुमच्या दुकानापुढची रांग नव्या कपड्यांची नव्हतीच. परत आलेल्यांची होती. हे मला साठीला टेकल्यावर कळले. कॉन्व्हेंटात शिकवले नव्हते.

मी तडक दुकानात गेले. तुमचा मुलगा गल्ल्यावर बसला होता आणि मागे नवी पाटी होती: उसवण्या-वाढवण्याची कामे घेतली जाणार नाहीत. मी विचारले, "माया कुठे गेली?"

"अक्का, आता साठ थर एकावर एक ठेवून एकदम कापतात. त्या मशीनला माया कळत नाही."

"तुला कळते ना?"

"शाळा दर दोन वर्षांनी चौकडा बदलते. माया ठेवू कुणासाठी? आणि एक कपडा तीन वर्षं चालला तर दुकान कसं चालायचं?"

"अप्पांचं चाललं."

"चाललं, कारण घरात कुणी काही मागत नव्हतं. एक तूच मागितलंस."

मी म्हटले, एक टेबल ठेव, मी बसते उसवायला, पेन्शन आहे, पगार नको. तो मनापासून हसला. "तू गिऱ्हाइकांशी बोलणार? दुसऱ्या दिवशी शटर खाली!" मग हळूच म्हणाला की शनिवारी अकरा वाजता कागद घेऊन येतो. जाताना दुकान तुम्ही आम्हा दोघांच्या नावावर ठेवलेत, त्यामुळे शिवणाची मशीनं काढून तिथे नुसते रेडीमेड मांडायचे तर माझीही सही लागते.

मी काय मागितले होते, ते तुम्हाला आठवत असेल. दरवर्षी दुमड सोडली की जुन्या जागी गडद रेघ उरायची, आणि वर्गातल्या मुली माझ्या स्कर्टावरच्या रेघा मोजून म्हणायच्या, "ही पाचवीची, ही सहावीची." आठवीत मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तुम्हाला बजावले की मला माया नको, एक बोटभरही नको. लोकांना परत पाठवणारे तुम्ही, मला मात्र "सरी" म्हणालात. तो स्कर्ट पाच महिने टिकला. मग सिस्टरनी गुडघे टेकायला लावले, आणि स्कर्टाची कड जमिनीला लागेना. घरी येऊन मी सांगितले की सिस्टरनी तो एका गरीब मुलीला दिला. तुम्ही मशीन थांबवलेत. "होता तसाच दिला? उसवला नाही कुणी?" मी म्हटले, "उसवायला त्यात होतं काय?" तुम्ही पुन्हा पाय चालवायला लागलात.

दिला नव्हता, अप्पा. माझ्या पेटीत होता. रेघ नसलेला तो एकच होता, टाकवला नाही. सोमवारी दुपारी तो काढला, भावाच्या तोंडावर टाकण्यासाठी, की बघ, माया नसली की पाच महिन्यांत काय होते. हातात ब्लेड होतेच. दुमडीत खरेच काही नव्हते. मग सवयीने कमरपट्टी चाचपली, तर ती जाड लागली. उसवली. प्रत्येक चुणीच्या डोक्याशी चार बोटं कापड आत दडवलेले. खालून नव्हे, वरून. वरून सोडला असता तर रेघ दिसलीच नसती.

तेव्हा आता तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. सांगितले का नाहीत? एवढेच म्हणायचे होते, "आण, बघू." मी आणला असता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, त्यात शिरू नका. पाकिटावर पत्ता दुकानाचाच घालावा लागेल आणि तिथले टपाल आता तुमचा मुलगा उघडतो, म्हणून हे पत्र पेटीत, स्कर्टाखाली राहील. त्यामुळे उत्तराला सबब चालणार नाही.

सही मी करणार नाही, ते सोमवारीच ठरले. पण सही केली नाही तर रविवारी तो जेवायला येणार नाही, आणि रविवारी माझ्याकडे दुसरे कुणी येत नाही. दर सोमवारी उरलेला भात खाते, तोही मला चालतो. एकटीला किती भात पुरतो हे मला अजून कळत नाही, आणि हे मी कुणाला सांगितलेले नाही. साकु कुठे म्हणायचे ते तुम्हाला कळत होते. लेखी कळवा, शनिवार, ८ जून, सकाळी अकराच्या आत.