शिखरजीवर सोडलेलं तूप

निपाणी, माघ वद्य सप्तमी, सन १९३६

तीर्थस्वरूप दाजींना बाळगोंडाचा जयजिनेंद्र.

आपली प्रकृती कशी आहे? आक्काची कंबर? संकेश्वरात यंदा थंडी फार, असं ऐकतो (ऐकतोच, विचारायची सोय आपण दोघांनी ठेवली आहे कुठे?). मी विकलेला बैल तुम्ही नांगराला जुंपताच खाली बसला, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तुमचं-आमचं बोलणं नाही आणि आक्काला माहेर नाही. तेव्हा माझं अक्षर पाहून दचकू नका. मी आणि पद्मावती, आम्ही उभयता सम्मेद शिखरजीची यात्रा करून सुखरूप परतलो, एवढंच कळवायचं आहे.

चिकोडी रोड स्टेशनवर आगगाडीत बसलो, ते चौथ्या दिवशी डोंगरापाशी पोचलो. तिथले डोलीवाले माणसाला आधी काट्यावर बसवतात आणि वजन बघून किती गडी लागतील ते ठरवतात. जन्मभर मी तंबाखूचे गच्च भरलेले बोद तोलले. तिथं मीच बोद झालो. चौघं लागले. त्यांना माझं मराठी कळेना, म्हणून मी कानडीत बोललो (मराठी नाही तर कानडी, एवढ्यात आपलं जग संपतं). चढणीवर घाबरून 'मेल्लगे, मेल्लगे' म्हणजे 'हळू, हळू' असा घोष लावला, तर त्यांना वाटलं मी जप करतोय. तेही भक्तिभावानं 'मेल्लगे' म्हणत पळत सुटले. शेवटी मी उतरून चालू लागलो. पद्मावती अनवाणी चालत माझ्या आधी वर पोचली होती.

शिखरजीवर प्रत्येकानं काहीतरी सोडायचं, ही रीत तुम्हाला माहीतच आहे. मी निपाणीतूनच कारलं सोडायचं ठरवून निघालो होतो (कारलं मी लहानपणापासून खात नाही, पण देवाला ते कोण सांगतंय?). पण पारसनाथाच्या चरणांपाशी माझा दम असा गेला की तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा पद्मावतीच पुढं झाली आणि माझ्या वतीनं बोलली, "आक्का आमच्या घरात जेवस्तवर ह्यास्नी तूप न्हाय, गूळबी न्हाय!"

आता महिना झाला, कोरडी भाकरी खातो आहे. परवा पुरणपोळ्या झाल्या, त्या मी नुसत्या पाहिल्या. भांडणावरून मी तसूभरही हटलेलो नाही, पण बायकोनं बोललेला नियम मोडायचा कसा?

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बाळगोंडा

ता. क. येत्या रविवारी यात्रेचं मावंदं आहे. गाडी जुंपून सगळेच या. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतील.

पुन्हा ता. क. पत्र पद्मावतीला वाचून दाखवलं. म्हणाली, "खोटं कशाला लिवतासा? मी तितं तोंडबी उघडलं न्हाय." खरं आहे. दमबिम काही गेला नव्हता, नियम मीच बोललो. बैलात खोट होती, हेही विकताना मला ठाऊक होतं. चरणांपुढं वाकलो, तेव्हा आईच्या माघारी मला कडेवर घेऊन भरवणारी आक्का आठवली आणि रडू आवरेना, दाजी. तुमचा राग गेला नसेल तर तुम्ही येऊ नका, पण तिला अडवू नका.