ऐंशी अक्षरांत मावणारी जीप

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
काकाची हर्षदा जव्हारला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने अ‍ॅप बनवलंय, ‘जीप भरली’. आमच्याकडे दाभोसा ते जव्हार जीप भरल्याशिवाय सुटत नाही. आता माणूस बसलं की ड्रायव्हर बटण दाबणार, आपण घरी बसून आकडा बघायचा, मग निघायचं. जगनभाऊ तयार झाला. बाकी दोन ड्रायव्हर म्हणाले, आधी जगनचं काय होतं ते बघू.
५ डिसेंबरला कॉलेजात परीक्षक येणार. अ‍ॅप चालू पाहिजे, चाराच्या वर स्टार पाहिजेत, तरच हर्षदा पुढे ठाण्याला स्पर्धेला जाईल. स्टोअरवरचं वर्णन लिहायला माणूस हवा होता. मी हात वर केला. भिवंडीला गोडाऊनमध्ये तीन महिने पार्सलवर लेबलं चिकटवलीत. अनुभव आहेच.

५ नोव्हेंबर
छोटं वर्णन ऐंशी अक्षरांत बसवायचं. पंधरा मिनिटांचं काम. उद्या सकाळी.

६ नोव्हेंबर, सकाळी ८
‘जीप’ लिहिलं. सोम्या आला, नदीला मासे लागलेत म्हणाला. शिल्लक सत्त्याहत्तर अक्षरं.

१० नोव्हेंबर
झालं! ‘आता जीप वेळेवर! नऊ झाले की सुटलीच!’ जीपच्या कागदावर नऊच सीट आहेत. हर्षदा म्हणाली, दादा, नऊला कधी सुटली होती रे? मी म्हटलं, ही जाहिरात आहे, पंचनामा नाही. अ‍ॅपचे स्क्रीनशॉट फारच साधे, म्हणून धबधब्याचा फोटो टाकला. तिची परीक्षा आहे. म्हणाली, तूच बघ आता. विश्वास म्हणतात तो हाच.

१४ नोव्हेंबर
डाउनलोड एकसष्ट! धबधब्याची कमाल. ठाण्याच्या एका बाईंनी अ‍ॅपमधला नंबर बघून जगनभाऊला फोन केला, एसी आहे का. तो म्हणाला, दारच नाय ताई, वारा भरपूर.

१८ नोव्हेंबर
रुपीमावशीने अ‍ॅपवर नऊ बघितले. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत पळत आली. जीप तासभर हलली नाही. अठरा झाल्यावर सुटली. तिने नातीकडून एक स्टार टाकायला लावला, खाली ‘खोटारडा’.
मी लगेच उत्तर दिलं, ‘आपला गैरसमज झाला आहे.’ मावशी घरी येऊन आईला म्हणाली, तुझा पोरगा आता फोनातून पण उलट बोलतो.
रेटिंग २.१. लोकांना वाचता येत नाही.

२२ नोव्हेंबर
हर्षदाचा फोन. ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, दादा, जे आहे तेवढंच लिही. ते वाचून लोक घर सोडतात.
लागलं मनाला. निर्धार केला, यापुढे फक्त खरं. उद्यापासून. उद्या खोडाळ्याला टेनिस बॉलच्या मॅच आहेत. म्हणजे परवापासून.

२६ नोव्हेंबर
दिवसभर जगनभाऊच्या शेजारी वही घेऊन बसलो. नवं वर्णन:
‘नऊला सुटत नाही. आत बारा, मागे लटकून चार, टपावर दोन. टपावरच्यांनी फांद्या बघाव्यात.’
धबधबा काढला. टपासकट भरलेल्या जीपचा फोटो टाकला, नंबरप्लेट एकदम क्लिअर. सुटायची जागा, अंदाजे वेळ, सगळं. हर्षदाचा पेपर होता, म्हणून विचारलं नाही. सरप्राइज.

३० नोव्हेंबर
रेटिंग ४.४! रुपीमावशीने एकाचे पाच केले: ‘आता खरं बोलतोय.’ बाकी दोन ड्रायव्हर पण अ‍ॅपवर आले. हर्षदा म्हणाली, दादा, जमलं की रे तुला. वर्णन वाचलं नाही म्हणाली, सुट्टीत वाचते. यापुढे हाच धंदा करायचा. कार्ड छापावं का?

३ डिसेंबर
घाटात चेकिंग. साहेबांनी मोबाईल काढून माझं वर्णन मोठ्याने वाचलं. आतले मोजले, बारा. मागचे मोजले, चार. मग वर बघून म्हणाले, उतरा दोघं, फांद्या बघून.
आकडा बरोबर आला, याचा क्षणभर अभिमान वाटला.
जगनभाऊ विचारत होता, हे लिवलं कोनी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टपावरून उतरत होतो.
जीप पोलीस ठाण्यात लावली. संध्याकाळपर्यंत बाकी दोघांनी अ‍ॅप काढून टाकलं.

५ डिसेंबर
परीक्षकांनी अ‍ॅप उघडलं. आकडा शून्य, जीप एकही नाही. ठाण्याला दुसराच कोणी जाणार. हर्षदाने माझं लॉगिन बंद केलं, फोन पण उचलत नाही. वर्णन तिने स्वतः लिहिलंय: ‘जीप किती भरली ते दिसतं. सध्या एकही दिसत नाही.’ बरं आहे. दम नाही.
दोघा ड्रायव्हरांनी मला बघून जीप थांबवली नाही. जव्हारहून चालत निघालोय. वाटेत दगडावर बसून हे लिहितोय. आत्ताच नवा रिव्ह्यू आला. पाच स्टार. देणाऱ्याच्या फोटोत खाकी शर्ट.
‘माहिती अचूक. फार उपयोग झाला.’
उत्तर लगेच सुचलं होतं. पण लॉगिन नाही.